फिलिप ग्लास : सम आणि साखळी

फिलिप ग्लास (जन्म १९३७) यांच्या संगीताविषयी लिहिताना भारतीय प्रभावाचा उल्लेख करण्याचा प्रघातच पडून गेला आहे. पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे स्वररचनेचे कठोर शिक्षण घेत असताना रविशंकरांचे चित्रपटसंगीत पाश्चात्त्य वादकांसाठी लिपिबद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे आले. स्वरलिपीत मात्रांच्या उभ्या रेघा आखल्या की आघात भलत्याच जागी पडत. रेघा पुसल्या तेव्हा कोठे ते साधले. यातून त्यांनी जी पद्धती घडविली तीत लहानशा स्वरसमूहाला एकेक स्वर जोडीत वा वगळीत जावयाचे असते. परंतु ताल म्हणजे आवर्तन. समेवर परतण्याची ओढ हे त्याचे प्राणतत्त्व. ग्लास यांच्या रचनेत वाढती साखळी आहे, सम नाही. तेव्हा याला प्रभावापेक्षा फलदायी गैरसमज म्हणणेच अधिक युक्त ठरेल.

‘आइन्स्टाइन ऑन द बीच’मध्ये (१९७६) गायक बव्हंशी अंक व स्वरनामेच गातात. या कृतीने कीर्ती दिली. उपजीविकेसाठी टॅक्सी चालविणे मात्र त्यानंतरही काही काळ चालूच राहिले.

खरा प्रश्न उभा राहतो तो ‘सत्याग्रह’ या ऑपेरापाशी (रॉटरडॅम, १९८०). रंगमंचावर दक्षिण आफ्रिकेतील गांधी, आणि गायकांच्या मुखी कॉन्स्टन्स डी जाँग यांनी निवडलेले गीतेतील संस्कृत श्लोक. पाश्चात्त्य प्रेक्षकाला ते केवळ नाद. भारतीय श्रोत्याला मात्र अर्थ टाळता येत नाही. त्यामुळे प्रसंग आणि शब्द यांतील अंतर त्याला जागोजागी खटकते. शेवटच्या प्रवेशात तेच अंतर नाहीसे होते. अवतारविषयक श्लोक गाताना गांधी एकच आरोही स्वरपंक्ती पुनःपुन्हा चढतात, आणि पुनरावृत्तीला जपाचे गांभीर्य येते. दुसऱ्या अंकावर साक्षी म्हणून टागोरांना बसविले आहे. दोन हजारांहून अधिक गीते रचणारा हा कवी तेथे अवाक्षरही गात नाही, ही गंमतच म्हणावयाची!

पुढील ‘आखनातेन’मध्ये (स्टुटगार्ट, १९८४) प्राचीन मिसरी, अक्कादी, हिब्रू अशा भाषा आहेत, पण राजाचे सूर्यस्तोत्र प्रेक्षकांच्याच भाषेत गायिले जावे, अशी ग्लास यांची योजना आहे. ही सवलत गीतेच्या वाट्याला आली नव्हती.