प्रतिमेतील दोष आणि देहातील वेदना : जेफ्री जार्विक यांच्या मणक्याविषयीच्या संशोधनाची समीक्षा

प्रस्तावना :
यंत्राने जे दाखविले तेच दुखण्याचे कारण, असे मानण्याकडे रुग्ण आणि वैद्यक दोघांचाही कल असतो. कंबरदुखीच्या संदर्भात या समजुतीची दीर्घकाळ परीक्षा घेणाऱ्या संशोधकांत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रेडिओलॉजिस्ट जेफ्री जार्विक यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या २००१ ते २०२० या काळातील प्रमुख शोधनिबंधांचा चिकित्सक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाचे स्वरूप :
२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागील चार महिने कंबरदुखी नसलेल्या १४८ माजी सैनिकांचे एमआरआय तपासण्यात आले. त्यांपैकी ८३ टक्के व्यक्तींच्या एक वा अधिक चकत्यांतील पाण्याचा अंश लक्षणीय घटलेला होता, तर ६४ टक्के व्यक्तींत चकतीचा फुगवटा आढळला. याच गटाचा तीन वर्षांचा पाठपुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने उद्भवणाऱ्या कंबरदुखीचे सर्वांत प्रभावी पूर्वसूचक चकतीची झीज नसून नैराश्य असल्याचे त्यातून दिसले. मज्जामार्गाचा संकोच व मज्जातंतूच्या मुळाला होणारा स्पर्श यांचा दुखण्याशी काहीसा संबंध दिसला. मात्र तो संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाला नाही.

२००३ च्या अभ्यासात ३८० रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाचा साधा एक्स-रे व दुसऱ्याचा जलद एमआरआय काढण्यात आला. वर्षअखेर दोन्ही गटांची शारीरिक क्षमता जवळजवळ सारखीच होती. शस्त्रक्रिया मात्र एमआरआय गटात १० आणि एक्स-रे गटात ४ झाल्या. ही संख्या अल्प असली, तरी एक बाब विचार करायला लावणारी आहे. तपासणीने दिलासा मिळाल्याचे एमआरआय गटातील ७४ टक्के, तर एक्स-रे गटातील ५८ टक्के रुग्णांनी सांगितले. म्हणजेच प्रतिमेने समाधान वाढविले, प्रकृती सुधारली नाही.

समीक्षा :
निरोगी माणसाची प्रतिमा कशी असते, प्रतिमेने उपचाराचे फलित बदलते काय आणि अहवालाच्या भाषेने वैद्यकाचे वर्तन बदलते काय, असे तीन प्रश्न जार्विक यांनी क्रमाने हाताळले. एका प्रश्नाच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निर्माण व्हावा, ही सुसंगती या संशोधनाचे मोठे बलस्थान होय.

तथापि काही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. माजी सैनिकांचा गट प्रामुख्याने पुरुषांचा असल्याने त्यावरून सर्व समाजाविषयी अनुमान काढताना सावधगिरी हवी. ६५ वर्षे व त्यावरील ५,२३९ रुग्णांच्या २०१५ मधील अभ्यासात लवकर प्रतिमा काढल्याने वर्षभरानंतर अधिक लाभ दिसला नाही. पण तो निरीक्षणात्मक अभ्यास होता. शिवाय निरोगी लोकांत एखादा दोष वारंवार आढळतो, एवढ्यावरून विशिष्ट रुग्णाच्या वेदनेस तो कारणीभूत नाहीच, असे सिद्ध होत नाही.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा २०२० च्या अभ्यासात उघड होते. सुमारे अडीच लाख रुग्णांचा समावेश असलेल्या या प्रयोगात, कंबरदुखी नसलेल्यांतही असे दोष किती प्रमाणात आढळतात, याची वयानुसार माहिती अहवालाला जोडण्यात आली. तरीही मणक्याशी संबंधित एकूण वैद्यकीय सेवांचा वापर घटला नाही. अफूजन्य वेदनाशामकांच्या वापरात केवळ किंचित घट झाली. येथे अहवालातील ‘ऱ्हास’, ‘झीज’ हे शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांखाली स्पष्टीकरण जोडले होते. मूळ शब्दच भय निर्माण करीत असेल, तर तळटीप ते कितपत दूर करणार? शिवाय ही माहिती मुख्यतः उपचार करणाऱ्या वैद्यकासाठी होती. २०२१ पासून अमेरिकेत नव्या नियमांमुळे रुग्णाला आपला अहवाल विनाविलंब वाचता येऊ लागला. त्यामुळे अहवालाचा वाचक कोण, हा प्रश्न आता अधिक गंभीर झाला आहे.

निष्कर्ष :
कर्करोग, जंतुसंसर्ग, अस्थिभंग किंवा वाढत जाणारी मज्जातंतूंची दुर्बलता यांची शंका असता प्रतिमा अपरिहार्यच ठरते. जार्विक यांचे संशोधन ते नाकारीत नाही. प्रतिमेतील बदल आणि आजार यांतील अंतर त्यांनी प्रमाणांसह दाखविले. मात्र ते ज्ञान व्यवहारात उतरविण्यासाठी आकडेवारी पुरेशी नाही, हेही त्यांच्याच अखेरच्या मोठ्या प्रयोगाने स्पष्ट केले. अपेक्षेविरुद्धचा हा निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध करणे, हे या संशोधनाचे श्रेय मानावे लागेल. अहवालाची मूळ परिभाषा बदलणे, हे पुढील संशोधकांपुढील कार्य आहे.