सत्याची सवय पुरेशी आहे का?

ईश्वर, परलोक किंवा धर्मग्रंथ यांचा आधार न घेता नीतीने कसे जगावे, हा इहवादी मानवतावादापुढचा मूळ प्रश्न. त्याचे एक उत्तर जेकब ब्रॉनोव्स्की यांच्या 'सायन्स अँड ह्यूमन व्हॅल्यूज' (१९५६) या लहानशा पुस्तकात सापडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५३ साली दिलेली ही तीन व्याख्याने आहेत. विज्ञान शिकवणाऱ्याने ती वाचावीतच, पण हाती पेन्सिल घेऊन.

पुस्तक सुरू होते नागासाकीत. अणुबॉम्बच्या परिणामांची पाहणी करण्यासाठी ब्रॉनोव्स्की नोव्हेंबर १९४५ मध्ये तेथे गेले. अंधार पडत असताना जीपमधून जाताना आपण शहरात शिरलो आहोत हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. बंदरातल्या जहाजावरचे नृत्यसंगीत कानी आले, तेव्हा उमगले. पुढे त्यांनी सुचवले, की हे भग्न शहर असेच ठेवावे आणि निःशस्त्रीकरणाच्या परिषदा येथे भरवाव्यात. प्रतिनिधींची गैरसोय होईल, असे त्यांना सांगण्यात आले.

'विज्ञान तटस्थ असते. चाकूने भाजीही चिरता येते आणि गळाही,' असे आपण वर्गात सहज म्हणून जातो. ब्रॉनोव्स्कींना हे मान्य नाही. विज्ञानाचे निष्कर्ष तटस्थ असतील, पण विज्ञान करण्याची क्रिया तशी नसते. सत्य एकट्याने पडताळता येत नाही. दुसऱ्याच्या नोंदींवर विसंबावे लागते. म्हणून खरे बोलणे, मतभेद आणि सहिष्णुता यांना जपणारा समाज असल्याशिवाय विज्ञान चालूच शकत नाही. ही मूल्ये वरून लादलेली नाहीत, कामातून उगवलेली आहेत. पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत भक्कम वाटतो. (साध्या लंबकाच्या प्रयोगात ९.८ आल्याशिवाय गुण मिळणार नसतील, तर मुले उलटी आकडेमोड करणारच. तेव्हा आपण नेमके याच्या विरुद्ध मूल्य शिकवत असतो.)

अडचण पुढे येते. शास्त्रज्ञांचा समाज एकमेकांशी प्रामाणिक राहील. पण ज्यांच्यावर बॉम्ब पडायचा असतो, ते त्या समाजाचे सभासद नसतात. हिशोब तंतोतंत खरा असूनही क्रूर असू शकतो. खुद्द ब्रॉनोव्स्की गणितज्ञ होते आणि युद्धकाळात बॉम्बहल्ले अधिक परिणामकारक कसे होतील, याच्या विश्लेषणाचे काम त्यांनी केले होते. त्यांच्या कन्या, इतिहासकार लिसा जार्डिन यांनी २०११ सालच्या बीबीसीच्या माहितीपटात या कामाचा मागोवा घेतला. पुस्तकात मात्र आपल्याला भेटतो तो नागासाकी पाहणारा माणूस. हिशोब करणारा भेटत नाही. गोपनीयतेची बंधने असतील, हे मान्य. मला यात ढोंग दिसत नाही, पण युक्तिवादातली भेग दिसते.

'द असेंट ऑफ मॅन' या १९७३ सालच्या मालिकेत ते आउश्वित्झच्या तळ्यात उतरून चिखल हाती घेतात. हे विज्ञानाने केले नाही, उन्मत्तपणाने आणि पोथीनिष्ठेने केले, असे ते सांगतात. ते दृश्य पाहून कोणीही गप्प होईल. तरीही योझेफ मेंगेलेकडे मानववंशशास्त्र आणि वैद्यक या दोन्हींतील डॉक्टरेट होत्या. तो खरा वैज्ञानिक नव्हताच, असे म्हणावे तर युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरू लागतो.

माया, करुणा, जिव्हाळा ही मूल्ये विज्ञानातून निघत नाहीत, त्यांचे क्षेत्र वेगळे, अशी कबुली ब्रॉनोव्स्कींनी पुढे सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत दिली आहे. पण जीवनाचे तत्त्वज्ञान म्हणून या विचाराकडे पाहायचे, तर ही बाब प्रस्तावनेत उरकण्याजोगी नाही. आईच्या आजारपणात तिच्या उशाशी रात्र काढणाऱ्या मुलीला प्रयोगवहीची शिस्त फार तर औषधाची वेळ सांगेल.

आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५१क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद हे शब्द शेजारी शेजारी आहेत. ब्रॉनोव्स्की पूर्णपणे बरोबर असते, तर दुसरा शब्द लिहिण्याची गरजच नव्हती.

पुस्तक मिळाल्यास नागासाकीची पाने नववी-दहावीच्या वर्गात मराठीतून सांगावीत आणि परिषद कुठे भरवावी, हे मुलांना विचारावे. 'गैरसोय' या शब्दाशी ती थबकतात का, हे जाणून घ्यायला मला आवडेल.