व्हिक्टोरिया राणीची रोजनिशी : अस्सल, नक्कल आणि राख

जुन्या कागदांचा शोध करणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. दप्तर हातीं लागतें, अक्षर वळणदार व कागद शाबूत असतो. पण चार पानें चाळतांच ध्यानांत येतें कीं, हें मूळ नव्हे, मागाहून केलेली नक्कल आहे. मग नक्कल करणारा कोण, त्यानें ती कोणासाठीं केली, तींत काय गाळलें आणि मूळ कोठें गेलें, असे प्रश्न उभे राहतात. बखरींना व कैफियतींना हे प्रश्न आपण नेहमीं विचारतों. परंतु इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या रोजनिशीचा आधार घेतांना अनेक चरित्रकार ते विचारावयास विसरतात. राणीची राजवट जून १८३७ पासून जानेवारी १९०१ पर्यंत चालली आणि त्या काळाच्या इतिहासांत ही रोजनिशी पदोपदीं प्रमाण म्हणून पुढें येते. म्हणून या साधनाची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राणीचा जन्म २४ मे १८१९ रोजीं झाला. १८३२ च्या जुलैअखेर वेल्सकडील प्रवासास निघतांना, तेराव्या वर्षीं, तिनें रोजनिशी लिहावयास आरंभ केला, तो क्रम मृत्यूच्या आधीं थोडे दिवस सोडल्यास शेवटपर्यंत चालला. म्हणजे सुमारें अडुसष्ट वर्षांचें हें लेखन आहे. आज विंडसर येथील राजदप्तरांत या रोजनिशीचे १४१ खंड आहेत व त्यांचीं पानें त्रेचाळीस हजारांहून अधिक भरतात. हे आंकडे ऐकून कोणाही संग्राहकास हेवा वाटेल. परंतु यांपैकीं राणीच्या स्वहस्तें लिहिलेले खंड अवघे तेरा असून ते १८३२ ते १८३६ या काळांतील, म्हणजे राज्यारोहणापूर्वींचे आहेत. राणी म्हणून तिनें जें लिहिलें, त्यांतील मुळाची एकही वही उरलेली नाहीं.

असें कां झालें? राणीनें आपल्या कागदांची व्यवस्था धाकटी मुलगी बिअॅट्रिस हिच्याकडे सोंपविली होती. बिअॅट्रिसनें मूळ वह्या वाचाव्या, योग्य तेवढा मजकूर निळ्या वह्यांत उतरून घ्यावा आणि उतरलेलें मूळ अग्नींत टाकावें, असा क्रम सुमारें तीस वर्षें चालला. १९३१ च्या सुमारास हें काम संपलें तेव्हां नकलेचे १११ खंड तयार झाले होते. पांचवा जॉर्ज व राणी मेरी यांस हा प्रकार रुचला नव्हता. पण मृत आईच्या आज्ञेपुढें त्यांचा उपाय चालला नाहीं. बिअॅट्रिसच्या निष्ठेविषयीं आम्हांस शंका नाहीं. मुलीनें आज्ञा पाळली हें खरें. पण एका कुटुंबाचें कर्तव्य पार पडलें आणि एका युगाचें साधन नष्ट झालें, हेंही तितकेंच खरें.

नक्कल कितपत विश्वसनीय आहे हें ताडून पाहण्यास दैवानें एक जागा ठेविली आहे. लॉर्ड ईशर यानें मूळ वह्या जळण्यापूर्वीं आरंभापासून फेब्रुवारी १८४० पर्यंतच्या मजकुराची टंकलिखित प्रत करविली होती. १९१२ मध्यें राणीच्या बालपणाविषयीं त्यानें जे दोन खंड प्रसिद्ध केले ते त्याच काळाचे. ही प्रत टिकल्यामुळें दोन नकला समोरासमोर ठेवितां येतात. १० फेब्रुवारी १८४० रोजीं राणीचा आल्बर्टशीं विवाह झाला. त्या रात्रीचें व दुसऱ्या सकाळचें वर्णन ईशरच्या प्रतींत वीस वर्षांच्या नववधूच्या मोकळ्या, उत्कट शब्दांत आहे. बिअॅट्रिसच्या नकलेंत त्या उत्कटतेचा मागमूस नाहीं. घटना तीच, तिथि तीच, पण लिहिणारी व्यक्ति निराळी वाटते. राणीचा स्वभाव शुष्क व करारी होता, असें या नकलेवरून अनुमान करणारा चरित्रकार राणीचें नव्हे, तर नकलकर्तीच्या संकोचाचें वर्णन करीत असतो. जेथें ताडून पाहतां येतें तेथें इतकें अंतर पडतें, तर फेब्रुवारी १८४० नंतरच्या एकसष्ट वर्षांविषयीं काय समजावें?

छापील पत्रसंग्रहाची गोष्ट निराळी, पण धडा तोच. १९०७ मध्यें ए. सी. बेन्सन व लॉर्ड ईशर यांनीं १८३७ ते १८६१ या काळांतील पत्रांचे तीन खंड काढले. पुढें जी. ई. बकल यानें १९२६ ते १९३२ या अवधींत आणखी सहा खंड संपादून हें काम १९०१ पर्यंत आणिलें. या नऊ खंडांवांचून त्या काळाचा राजकीय इतिहास लिहितां येणार नाहीं, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. हिंदुस्थानच्या अभ्यासकांनीं तर एका पत्राबद्दल संपादकांचे ऋण मानिलें पाहिजे. १८५८ च्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा राणीस पसंत पडला नाहीं; औदार्य, परोपकारबुद्धि व धर्मसहिष्णुता हे भाव त्यांत उमटावेत, म्हणून मुख्य प्रधान डर्बी यानें तो नव्यानें लिहावा, असें तिनें ऑगस्टांत कळविलें. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं अलाहाबादेस वाचलेल्या जाहीरनाम्यांतील शब्दांमागें राणीचा हात किती होता, हें त्या पत्रावरून कळतें.

परंतु संपादकांनीं काय निवडलें याबरोबर काय वगळलें हेंही पाहिलें पाहिजे. पहिल्या तीन खंडांत मुख्यतः प्रधानांचीं, मुत्सद्द्यांचीं व राजेरजवाड्यांचीं पत्रें आहेत. स्त्रियांशीं झालेला राणीचा पत्रव्यवहार जवळ जवळ नाहींसा झाला आहे. १८४० ते १८५७ या काळांत राणीस नऊ अपत्यें झालीं. पण या खंडांवरून राणी ही आई होती हें वाचकाच्या क्वचितच ध्यानांत यावें. इव्हॉन वॉर्ड यांनीं २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ही निवड कशी झाली याची छाननी केली आहे, ती प्रत्येक संपादकानें वाचावी. जें वगळलें त्याची कल्पना रॉजर फुलफर्ड यांनीं १९६४ पासून प्रसिद्ध केलेल्या, राणी व थोरली मुलगी यांच्यामधील पत्रांवरून येते. गर्भारपणांत आपण गाय किंवा कुत्री यांसारख्या होऊन बसतों, असें राणीनें १८५८ मध्यें नवविवाहित मुलीस लिहिलें होतें. १९०७ चे खंड वाचून जिचें चित्र मनांत बसतें, ती राणी असें लिहील यावर कोणाचा विश्वास बसेल?

आतां मुनशी अब्दुल करीम याचें प्रकरण. आग्र्याचा हा तरुण १८८७ मध्यें राणीच्या सेवेस गेला व लवकरच तिचा हिंदुस्थानी भाषेचा शिक्षक झाला. १९०१ मध्यें राणीच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत सातव्या एडवर्डच्या आज्ञेनें मुनशीच्या घरांतील राणीचीं पत्रें जाळण्यांत आलीं आणि त्याची स्वदेशीं रवानगी झाली. १९०९ मध्यें तो आग्र्यास वारला. जाळणाऱ्यांस वाटलें कीं, प्रकरण संपलें. परंतु राणीनें उर्दू गिरविलेल्या वह्या विंडसर येथें राहिल्या होत्या. इंग्रजी रोजनिशीची जी गति झाली ती त्यांची झाली नाहीं. एका शतकानंतर श्राबणी बसू यांनीं त्या वाचून २०१० मध्यें आपला ग्रंथ सिद्ध केला आणि त्यानंतर करीमची स्वतःची रोजनिशी त्याच्या नातलगांकडे कराचींत आढळली. ज्या भाषेकडे कोणी पाहिलें नाहीं त्या भाषेंतील कागद वांचले! मोडी दप्तरें रद्दींत जातांना पाहिलेल्या आम्हां लोकांस या गोष्टीचें मर्म निराळें सांगावयास नको.

२०१२ पासून रोजनिशीचे हे सर्व खंड आंतरजालावर वाचावयास मिळतात. ही सोय मोठी आहे, पण तिच्यांत धोकाही आहे. मूळ, ईशरची प्रत व बिअॅट्रिसची नक्कल हीं एकाच नांवाखालीं शेजारीं शेजारीं येतात आणि घाईचा वाचक सर्वांस सारखेंच प्रमाण मानतो. यास्तव आमची सूचना अशी : १८३६ पर्यंतचा उतारा असेल तर तो मुळावरून घ्यावा, तेथून फेब्रुवारी १८४० पर्यंत ईशरची प्रत ग्राह्य धरावी, त्यापुढील प्रत्येक उताऱ्याबरोबर ‘बिअॅट्रिसकृत नक्कल’ असें स्पष्ट लिहावें. त्या नकलेंत जें आहे तें बहुधा खरें असेल. पण जें नाहीं तें घडलेंच नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार तिच्या आधारानें कोणासही पोहोंचत नाहीं.

राजवाड्यांनीं १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखरीपेक्षां अस्सल पत्रास अधिक मान देण्याचा दंडक आपल्याकडे रुळला आहे. तोच दंडक विंडसरच्या दप्तरासही लाविला पाहिजे. तेथील कागद राजघराण्याचे व नीट बांधलेले आहेत, एवढ्यानें त्यांची परीक्षा टळत नाहीं. ज्यांच्या घरीं पूर्वजांचे रुमाल आहेत त्यांसही एक विनंति आहे. घराण्याची अब्रू राखण्यासाठीं एखादा कागद पन्नास वर्षें कुलपांत ठेवावासा वाटला तर खुशाल ठेवावा. कुलूप पुढें कोणी तरी उघडील. परंतु मुळावरून नक्कल केली म्हणून मूळ निरुपयोगी झालें, असें मात्र मानूं नये. बिअॅट्रिसनें तसें मानिलें आणि आईचें साठ वर्षांचें अक्षर जगांतून नाहींसें झालें.