ऊतकरक्षण व प्रथिनविश्लेषणाची विश्वसनीयता

प्रथिनविश्लेषणावरील लेखांत मापनयंत्रांचे वर्णन सविस्तर असते. ऊतक मात्र बहुधा एका वाक्यात आटोपलेले आढळते. ‘पाने तोडून द्रव नायट्रोजनमध्ये गोठविली व उणे 80 अंशांस ठेविली’ एवढ्यावर लेखकाचे समाधान होते. तोडणे आणि गोठविणे यांमध्ये किती वेळ गेला, याविषयी मौनच असते. या मौनाचे परिणाम किती दूरवर पोचतात, हे बारामती तालुक्यातील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

नीरा डाव्या कालव्याखालील बागायत आणि सुप्याकडील जिराईत असे या तालुक्याचे दोन ठळक भाग पडतात. माळेगाव खुर्द येथे 2009 साली अजैविक ताणाच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती याच तालुक्यात. समजा, एखाद्या अभ्यासकाने प्रयोगशाळेलगतच्या ओलिताच्या ज्वारीची पाने तोडून तत्काळ गोठविली आणि सुप्याच्या कोरडवाहू शेतातील पाने बर्फाच्या पेटीतून आणली. दोहोंच्या प्रथिनांत आढळलेला भेद अवर्षणाचा मानावा काय? तसे मानता येणार नाही. तुटलेले पान काही काळ जिवंतच असते. त्याचा पाणीपुरवठा तुटतो, जखमेची प्रतिक्रिया सुरू होते आणि उन्हात ते तापते. अवर्षणात वाढणारी काही प्रथिने या अवस्थेतही वाढू शकतात. म्हणजे शेतातला दुष्काळ आणि पिशवीतला दुष्काळ यांची येथे सरमिसळ होते. नमुन्यांची संख्या वाढवूनही हा दोष जात नाही; कारण विलंब हा प्रत्येक वेळी कोरडवाहू नमुन्याच्याच वाट्याला येतो.

बर्फावर भिस्त ठेवणेही उचित नव्हे. शून्य अंशाजवळ एंझाइमांची क्रिया मंदावते, पण थांबत नाही. प्रथिनांवरील फॉस्फेट गट तर काही मिनिटांतच बदलू शकतात. गोठलेले पान मध्येच वितळले, तर हानी अधिकच होते. हिमस्फटिकांनी पेशींतील पडदे फाटतात, रिक्तिकांतील प्रथिनभंजक एंझाइमे मोकळी होतात आणि ज्वारीतील फिनॉलवर्गीय द्रव्ये प्रथिनांना चिकटतात. फॉर्मॅलिनची योग्यता निराळी आहे. ते प्रथिनांत मिथिलीन सेतू बांधते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालील रचना टिकते, परंतु प्रथिने अखंड वेगळी काढणे दुष्कर होते.

गोठलेले पान वितळू न देता कुटून थंड ट्रायक्लोरॅसेटिक आम्ल व ॲसिटोन यांत टाकण्याची रीत 1986 पासून वनस्पतिऊतकांसाठी रूढ आहे. तीत एंझाइमे निष्क्रिय होतात व फिनॉले धुऊन जातात. मात्र साक्यातील सर्वच प्रथिने पुन्हा विरघळत नाहीत, ही तिची उणीव होय. शिवाय हा उपाय क्रिया थांबविल्यानंतरचा आहे. वाटेत घडलेले बदल तो पुसून टाकीत नाही.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिस्क’ नियमावलीने मानवी ऊतकांविषयी कोणती माहिती नोंदवावी, हे तीन स्तरांत सांगितले. तिचे श्रेय मोठे आहे. तथापि नोंद म्हणजे नियंत्रण नव्हे. विलंब प्रामाणिकपणे लिहिला, तरी तो दोन गटांत असमान असेल, तर निष्कर्ष दुबळाच राहतो.

यास्तव द्रव नायट्रोजनचे पात्र शेताच्या बांधापर्यंत नेणे, हा खरा उपाय होय. दोन्ही गटांतील पाने दिवसाच्या एकाच प्रहरी, एकाच वयाची व एकाच क्रमांकाची घ्यावीत. त्याचबरोबर ओलिताच्या रोपांचीही काही पाने तोडून ती मुद्दाम पाव तास व एक तास थांबवून गोठवावीत. विलंबाने काय बदलते, हे त्यावरून कळेल आणि तेवढी प्रथिने अवर्षणाच्या यादीतून बाजूला ठेवता येतील. ही तुलना खर्चिक नाही. तिच्या अभावी जी प्रथिने अवर्षणसहनाची खूण म्हणून वाणनिवडीस सुचविली जातील, त्यांतील काही केवळ वाटेतल्या प्रवासाची खूण असण्याचा संभव आहे. आणि त्या चुकीची किंमत अखेर कोरडवाहू शेतकऱ्यास मोजावी लागेल.