पापुशाची कविता आणि राज्यसंस्थेची करुणा

राज्यसंस्था एखाद्या जनसमूहाचे कल्याण करावयास निघते, तेव्हा त्या कल्याणाची पारख केवळ शासकीय अहवालांवरून होत नाही. त्या समूहाच्या काव्याचाही कौल घ्यावा लागतो. पोलंडमधील रोमा कवयित्री ब्रोनिस्लावा वाइस ऊर्फ पापुशा हिचे काव्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिच्या रोमानी भाषेत पानी, मनुष, नाख असे शब्द आढळतात. सुमारे एक सहस्र वर्षांपूर्वी भारत सोडून गेलेल्यांची ही भाषा मराठी वाचकास सर्वस्वी परकी वाटू नये.

फिरत्या तांड्यात वाढलेल्या पापुशाने स्वप्रयत्नाने अक्षरे गिरवली. महायुद्धात व्होलिनच्या अरण्यात लपून काढलेल्या दिवसांवर तिने दीर्घकाव्य रचले. 1949 मध्ये कवी येझी फित्सोव्स्की यांनी तिची प्रतिभा ओळखून तिच्या रचनांचे पोलिश अनुवाद केले. 1950 मध्ये त्यांतील काही प्रसिद्ध झाले. पुढे 1952 मध्ये पोलिश शासनाने भटक्या रोमांना स्थिर करण्याचा ठराव केला. फित्सोव्स्की यांचा या धोरणास पाठिंबा होता आणि पापुशाकडे नव्या जीवनाचा आदर्श म्हणून पाहिले गेले.

येथेच रसिकाने थबकावे. या कवितांत घराची ओढ नाही. अरण्य, नदी आणि वाट यांचा व्याकुळ निरोप आहे. विलापाला संमती मानणे हा वाचनाचाच दोष होय. 1953 मध्ये फित्सोव्स्की यांचा पोलंडमधील रोमांविषयीचा ग्रंथ निघाला. आपली गुपिते परक्यांना दिली, असे मानून समाजाने पापुशाला बहिष्कृत केले. तिने आपले लेखन जाळले, मनोरुग्णालयात दिवस काढले आणि 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंतचा बहुतेक काळ मौनात घालविला. 1964 मध्ये तर भटकंतीच सक्तीने थांबविण्यात आली.

मुलांना शाळा आणि रुग्णांना औषध मिळावे, हा हेतू हीन नव्हता. अनुवादक नसता तर ही कविता आपल्यापर्यंत पोहोचलीही नसती. परंतु ज्यांना सामावून घ्यावयाचे, त्यांना विचारावे, हे कोणाला सुचले नाही. युरोपीय संघाच्या 2011 च्या आराखड्यात शिक्षण, रोजगार, आरोग्य व निवारा ही चार क्षेत्रे होती. 2030 पर्यंतच्या नव्या आराखड्यात समता आणि समावेश यांच्याबरोबर 'सहभाग' हा शब्द आला, तो 2020 मध्ये.

आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्येच रद्द झाला, आणि पापुशा निवर्तली त्याच वर्षी लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' प्रसिद्ध झाले. तेथे आपले जगणे सांगण्याचा निर्णय लेखकाने स्वतः घेतला होता. पापुशाच्या वाट्याला तो अधिकार पुरतेपणी कधीच आला नाही. समावेशाच्या कोणत्याही धोरणास प्रथम हाच प्रश्न विचारला पाहिजे: बोलणारा कोण आहे, आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे?