स्थलांतरितांची नभोवाणी आणि 'एक भाषा' : न्यू बेडफर्डचे उदाहरण

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्डचे डब्ल्यूजेएफडी (९७.३ एफएम) हे केंद्र पोर्तुगीज प्रसारणासाठी परिचित आहे. १९५७ मध्ये अझोर्समधील फायाल बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला. १९५८ च्या अमेरिकी कायद्याने तेथील आपद्ग्रस्त कुटुंबांना प्रवेश दिला. अशा श्रोत्यांना मातृभाषा ऐकविणे हे मोलाचेच कार्य होय. तथापि 'पोर्तुगीज भाषिक' ही संज्ञा एकजिनसी नाही. ब्राझिलियनांचे उच्चार भिन्न आहेत. देवमाशांच्या शिकारीच्या काळापासून या शहरात वसलेल्या केप व्हर्दवासीयांची घरची भाषा क्रिओल आहे. केवळ अझोर्सची स्मृती जपल्यास हे श्रोते परके ठरतात. म्हणून भाषाशुद्धीपेक्षा ध्वनिक्षेपकासमोर कोणाकोणाला स्थान मिळते, हाच अशा केंद्राच्या समीक्षेचा निकष असावा.