सतरा वर्षांनंतरचा स्वर

वाद्यवृंद मोडतो तेव्हा त्याच्या चाहत्यांना दुःख होते खरे, पण त्या दुःखात एक सोयही असते. जुन्या ध्वनिफिती आहेत तशाच राहतात, त्यांतील माणसे म्हातारी होत नाहीत, आणि आपल्या तरुणपणाचा साक्षीदार कुणीतरी जपून ठेवला आहे असे समाधान ज्याला त्याला मिळते. ही सोय मोडते ती मंडळी पुन्हा एकत्र येऊन नवे काही गाऊ लागली म्हणजे. ‘इंडस क्रीड’ ह्या मुंबईच्या रॉक-वृंदाने 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ हा आल्बम काढून नेमके हेच केले. त्यापूर्वीचा त्यांचा आल्बम 1995 मधला. मधली सतरा वर्षे थोडी नव्हेत.

ज्यांना ह्या संगीताचा फारसा परिचय नाही अशा वाचकांसाठी पूर्ववृत्त थोडक्यात सांगतो. 1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा वृंद उभा राहिला. त्या काळी आपल्याकडील बहुतेक रॉक-वादक परदेशी गीतांच्या हुबेहूब नकला करण्यात धन्यता मानीत, आणि नक्कल जितकी बिनचूक तितकी टाळी मोठी. ह्या मंडळींनीही सुरुवात तशीच केली. परंतु 1988 साली त्यांनी ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा स्वरचित गीतांचा आल्बम काढला, आणि 1990 साली ‘द सेकंड कमिंग’. 1993 मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. 1995 च्या आल्बमला तेच नाव दिले, आणि त्यात भारतीय वाद्यांचे रंगही मिसळले. 1997 साली वृंद फुटला. 2010 मध्ये उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार) आणि झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) हे तिघे जुने गडी पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे दोन नवे वादक अनुक्रमे बेस गिटारीवर व ड्रमवर बसले. ‘इव्हॉल्व्ह’ ही ह्या पाचांची निर्मिती.

माझा ह्या वृंदाशी संबंध आला तो मामांमुळे. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे जलसे होऊ लागले, तेव्हा मामा गिरगावात राहत असत, आणि घरी अभ्यासाचे निमित्त सांगून ते तिकडे जात. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले असे कार्यक्रम बंद झाले, त्याचे त्यांना अजूनही वाईट वाटते. बेळगावला आमच्याकडे सुटीत आले की त्यांच्या पिशवीत ‘रॉक मशीन’च्या फिती असायच्या. आजोबांच्या नाट्यसंगीताचा आणि मामांच्या ह्या गोंगाटाचा एकाच टेपरेकॉर्डरवर चालणारा कलह ऐकत मी वाढलो. ‘इव्हॉल्व्ह’ आला तेव्हा मीच तो मोठ्या हौसेने मामांना पाठविला. त्यांनी तो एकदा ऐकला आणि कळविले, “अरे, ही ती मंडळी नव्हेत.”

हे वाक्य मला बरीच वर्षे छळीत आले आहे. बेळ्ळंदुराहून कोरमंगल्याच्या कचेरीत जाताना इब्लूरच्या चौकापासून अगऱ्यापर्यंत बस जी खोळंबते, तेवढ्या अवकाशात ह्या आल्बमच्या आठ गीतांपैकी निम्मी तरी सहज ऐकून होतात. अशी ती मी अनेकदा ऐकली आहेत, आणि मामांचे म्हणणे खोटे ठरविण्याच्या ईर्षेनेच ऐकली आहेत. आज मला वाटते की, मामांचे निरीक्षण अचूक आहे. चुकला आहे तो त्यांनी काढलेला निष्कर्ष.

जुन्या गीतांत सारा भर चढाईवर होता. ध्रुवपद मैदानातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे अशा बेताने रचलेले, आणि तिनईकरांची गिटार संधी मिळताच पुढे धावणारी. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये तीच गिटार थांबायला शिकली आहे. ती सुरांचे थर एकावर एक चढविते, मध्येच मागे सरते, आणि जेथे पूर्वी वेगवान तानांचा वर्षाव झाला असता तेथे एखादाच लांबविलेला स्वर ठेवून देते. बेनेगलांचा आवाजही पूर्वीसारखा टिपेला भिडण्याची घाई करीत नाही. ‘फायरफ्लाइज’ किंवा ‘डिझॉल्व्ह’ ऐकताना जाणवते की, गायकाला आता श्रोत्याचे मन जिंकून घ्यायचे नसून त्याच्याशी बोलायचे आहे. बालापोरियांचे वादन पूर्वी दर्शनी दालनात असे. येथे ते भिंतीतल्या ओलीसारखे आत मुरले आहे. तालाची वीण अधिक गुंतागुंतीची झाली आहे, तिचे श्रेय नव्या दोघांना द्यावयास हवे. काही जागी ‘पॉर्क्युपाइन ट्री’ ह्या इंग्रज वृंदाची आठवण होते, क्वचित जरा जास्तच होते.

अशा पुनरागमनाचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे ‘डीप पर्पल’. 1976 साली मोडलेला हा वृंद 1984 मध्ये जुन्याच पाच जणांनिशी परतला आणि ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ घेऊन आला. त्यांना मध्यंतर आठ वर्षांचेच होते, आणि श्रोत्यांना हवे तेच थोड्या नव्या जोमाने देऊन ते यशस्वी झाले. त्यात गैर काही नाही. 30 ऑक्टोबर 2011 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर ‘मेटॅलिका’ आले होते, तेव्हा चिखलात उभे राहून जुनी गीते त्यांच्याबरोबर घसा फुटेपर्यंत म्हणणाऱ्यांत मीही होतो. नवीन गीत लागले असते तर त्या गर्दीत किती जणांनी कान दिला असता, ह्याची मला शंका आहे. श्रोत्यांची ही भूक ‘इंडस क्रीड’ला सहज भागविता आली असती. त्यांनी तसे केले नाही, हा मी त्यांचा मोठा गुण समजतो. उतारवयात गाणे अधिक खोल होऊ शकते, हे मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेल्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. रॉक हे तरुणांचेच संगीत, हा समज मात्र ते वाजविणारे स्वतःच अनेकदा जपतात.

परंतु येथवर वकिली केल्यावर एक उणीव नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या आल्बमचे ध्वनिमिश्रण टिम पामर ह्यांनी केले आहे. ‘पर्ल जॅम’च्या 1991 च्या ‘टेन’चे मिश्रण करणारे तेच हे गृहस्थ. काम अत्यंत सफाईदार आहे, इतके की, हा आल्बम कोणत्या शहरात जन्मला ते ओळखू येत नाही. 1995 च्या आल्बममध्ये भारतीय रंग मिसळण्याचा जो खटाटोप होता तो काहीसा बाळबोध होता. तरी त्यात आपण कोठे उभे आहोत ह्याविषयीची अस्वस्थता होती. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये वाद्यांचा तो सोपा मार्ग सोडला आहे हे ठीक, पण त्याबरोबर ती अस्वस्थताही गेली. शब्दांत एकटेपण आहे, संताप आहे, निरोप आहे, मुंबई नाही. ह्या वृंदाने इंग्रजीत का गावे, असा प्रश्न मी विचारणार नाही. बेळगावात वाढून बंगळुरात केंद्र सरकारच्या टिप्पण्या इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो अधिकार नाही. माझी हुरहुर निराळी आहे. घरी एका भाषेत रागावून घेतलेला माणूस दुसऱ्या भाषेत गातो, तेव्हा त्या दोहोंमधली फट कोठेतरी ऐकू यावी अशी माझी अपेक्षा असते. येथे ती फार कौशल्याने बुजविली आहे. पंचविशीनंतर मी कविता लिहिणे सोडले ते ह्याच फटीपाशी अडखळून. कदाचित म्हणून मला ती इतरांच्या कामातही शोधावीशी वाटत असेल.

गेल्या दिवाळीत मामा बेळ्ळंदूरला आले होते. एका संध्याकाळी मी काही न सांगता ‘गुडबाय’ लावले. मामा तळ्याच्या दिशेच्या खिडकीपाशी बसून राहिले. गीत संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, “गळा अजून आहे रे ह्याचा.” मग पिशवीतून ‘रॉक एन रोल रेनिगेड’ची जुनी फीत काढून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि टेपरेकॉर्डर कोठे आहे म्हणून विचारले. आमच्या घरात टेपरेकॉर्डर नाही.